पत्राचा मायना आणि सर्व्हरची ओळख

सकाळीं रेडिओ सुरू केला म्हणजे गाणें किंवा बातम्या कानीं पडण्यापूर्वीं एक वाक्य ऐकूं येतें: 'आकाशवाणीचें हें सांगली केंद्र आहे.' हें केंद्र १९६३ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून साताऱ्या-सांगलीकडील किती घरांचा दिवस या वाक्याबरोबर उजाडला असेल याची गणती नाहीं. आपण तें ऐकतों आणि विसरतों. परंतु निवेदकाला तें विसरून चालत नाहीं. दारांतून कोणी आंत आलें तर त्याचा चेहरा पाहून आपण त्यास ओळखतों. तारेवांचून येणाऱ्या आवाजाला चेहरा नाहीं. ज्याला चेहरा नाहीं त्यानें आधीं आपलें नांव सांगावें, हा त्या व्यवहाराचा धर्मच आहे.

आजच्या भाषणाचा विषय असाच एक चेहरा नसलेला बोलणारा आहे. आपण हातांतल्या फोनवर एखादें पान उघडतां, मग तें विजेचें बिल असो, रेल्वेचें वेळापत्रक असो कीं मुलीचा निकाल असो. तें पान दूर कोठें तरी ठेवलेल्या एका संगणकाकडून येतें. मागेल त्याला पान काढून देणें हेंच ज्याचें काम, त्याला वेब-सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर नुसतें पान पाठवीत नाहीं. पानाच्या आधीं तो कांहीं ओळी लिहितो. मागितलेली वस्तु सांपडली कीं नाहीं, तारीख व वेळ काय, पान कोणत्या जातीचें, तें किती लांब, आणि 'उत्तर देणारा मी अमुक', अशा त्या ओळी असतात. त्यांना हेडर असें नांव आहे. आपला ब्राउझर त्या वाचतो आणि बाजूस ठेवतो. आपल्या डोळ्यांपुढें पान तेवढें येतें. जुन्या पत्रांच्या भाषेंत सांगावयाचें तर हेडर म्हणजे मायना आणि पान म्हणजे मजकूर.

गंमत अशी कीं, टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेंत ही पत्रव्यवहाराची रीत प्रथम बसविली, तेव्हां तिच्यांत मायना नव्हताच. १९९१ सालच्या त्या पहिल्या रीतींत मागणाऱ्यानें एक ओळ लिहावी आणि सर्व्हरनें मजकूर देऊन गप्प बसावें, एवढाच व्यवहार होता. माणसें मोजकीं, संगणक मोजके, ओळखपाळख होतीच. पुढें पसारा वाढला, आणि मे १९९६ मध्यें एचटीटीपीच्या १.० या आवृत्तीचे नियम प्रसिद्ध झाले त्यांत हेडरांची पद्धत रीतसर नमूद झाली. 'सर्व्हर' याच नांवाचा एक हेडर त्यांत आहे. उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमनें आपलें नांव तेथें सांगावयाचें असतें. गांव लहान असतें तोंवर 'कोण आहे?' या प्रश्नाला 'मी' एवढें उत्तर पुरतें. शहरांत तें पुरत नाहीं.

हें सारें तंत्रज्ञांचें झालें, घरच्या माणसांना त्याचें काय, असें कोणी म्हणेल. म्हणून एक हकीकत सांगतों. संस्थेचें नांव सांगत नाहीं, कारण चूक कोणाच्याहि हातून व्हावी अशीच होती.

आटपाडीकडील एका मुलीनें सांगलीच्या एका शिक्षणसंस्थेंत प्रवेशासाठीं अर्ज केला होता. यादी लागली त्या दिवशीं दुपारीं तिनें फोनवर ती उघडली. तिचें नांव नव्हतें. तिनें साताऱ्यास मामांना विचारलें, "मामा, माझें नांव नाहीं हो यादींत." मामांनीं आपल्या घरीं तेंच पान उघडलें आणि ते म्हणाले, "अगं, बाविसावें नांव तुझेंच आहे. नीट बघ पाहूं." तिनें पुन्हा पाहिलें, नांव होतें. वडिलांना दाखवावें म्हणून तिसऱ्यांदा उघडलें, तों नाहीं! पैसे भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांचपर्यंत होती. वडील म्हणाले, "जें नांव येतें आणि जातें, त्याच्या भरंवशावर मी उसने पैसे कोणापाशीं मागूं?" त्यांचें म्हणणें रास्त होतें.

कचेरींत विचारणा केली तेव्हां तेथील कारकुनांनीं आपल्या पडद्यावर यादी पाहिली. नांव दिसत होतें. "तुमच्या फोनांतच बिघाड असेल," असें सांगून ते मोकळे झाले. तेहि खोटें बोलत नव्हते. खरी गोष्ट अशी होती कीं, त्या एका पत्त्यामागें सर्व्हर एक नसून तीन होते. गर्दीच्या दिवशीं एकावरच भार पडूं नये म्हणून दारांत एक वाटप करणारा बसविला होता. येणाऱ्या प्रत्येक मागणीस तो पाळीपाळीनें एकेकाकडे धाडी. दुरुस्त झालेली यादी दोघांवर चढली होती, तिसऱ्यावर आदल्या दिवशींचीच राहिली होती. तिघांचा पत्ता एक, रूप एक, बोलणें एक. मुलगी तिसऱ्याच्या पुढ्यांत गेली कीं तिची जागा जाई, आणि इतर दोघांच्या पुढ्यांत गेली कीं परत येई.

त्या रात्रीं मी तेथील तरुण तंत्रज्ञाच्या शेजारीं बसलों होतों. तो पान पुन्हापुन्हा उघडी. जुनी यादी मधूनच समोर येई. पण ती तिघांपैकीं कोणीं दिली, हें कागदावर कोठेंच लिहिलेलें नव्हतें. शिवाय दोष त्या तिघांचाच कीं दारांतल्या वाटप करणाऱ्याचा, हाहि संशय होताच. अखेर एकेका यंत्रांत शिरून, फायली ताडून पाहून अकराच्या सुमारास त्यानें चुकार गडी शोधून काढला. दुरुस्तीला दोन मिनिटें लागलीं, शोधाला पांच तास. संस्थेनें मुदत एक दिवसानें वाढविली आणि मुलीला जागा मिळाली. परंतु जुनी यादी एकदांच पाहून ज्यांनीं आशा सोडली आणि दुसरीकडे पैसे भरून टाकले, त्यांची दाद कोण घेणार?

श्रोतेहो, असा पेंच आपल्या या मुलुखाला नवीन नाहीं. १७०८ सालीं साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. पुढें कारभार पेशव्यांच्या हातीं एकवटून पुण्यास गेला. गादी मात्र साताऱ्यासच राहिली. पत्र लिहविणारा पुण्याचा, आणि ज्याच्या नांवानें सत्ता चालावयाची तो धनी साताऱ्याचा. अशा कागदावर नांव कोणाचें घालावें? पेशव्यांच्या शिक्क्यानें हा प्रश्न सुबक रीतीनें सोडविलेला दिसतो. त्यांत आधीं छत्रपतींचें नांव येतें, आणि मागून पेशव्याचें स्वतःचें नांव व त्याचें प्रधानपद. कागद कोणाच्या अधिकारानें निघाला आणि कोणाच्या हातून निघाला, या दोन वेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें एकाच शिक्क्यांत मिळतात. मजकूर संपेल तेथें 'लेखनसीमा' अशी लहानशी मोर्तब उमटवीत, ती मागाहून कोणी ओळ वाढवूं नये म्हणून. हेडरांत पानाची लांबी लिहिलेली असते, ती थोडीबहुत याच कामाची: मजकूर कोठें संपला, हें तिच्यावरून वाचणाऱ्याला कळतें.

आमच्या त्या तीन सर्व्हरांनीं यांपैकीं पहिल्या प्रश्नाचेंच उत्तर दिलें होतें. संस्थेचें नांव, पत्ता, बोधचिन्ह, सर्व यथास्थित होतें. अधिकार कोणाचा तें कळत होतें. हात कोणाचा तें कळत नव्हतें. आणि हात न कळला म्हणजे एकाची चूक तिघांच्या माथीं बसते, किंवा बिचाऱ्या मुलीच्या फोनाच्या माथीं.

उपाय एका ओळीचा आहे. अपाची या नांवाचा सर्व्हर १९९५ पासून वापरांत आहे. त्याला द्यावयाच्या सूचना एका साध्या फाइलींत लिहिलेल्या असतात. तिच्यांत 'हेडर सेट' हे दोन शब्द, त्यापुढें आपण ठरविलेलें हेडरचें नांव, आणि त्यापुढें त्या यंत्राची खूण, एवढेंच लिहावयाचें. अपाचीचा 'मॉड-हेडर्स' हा भाग तेवढा आधीं चालू असला पाहिजे. मग सर्व्हरला ती फाइल पुन्हा वाचावयास लावली कीं प्रत्येक उत्तराच्या मायन्यांत खूण उमटूं लागते. दुसरा प्रसिद्ध सर्व्हर एन्जिनएक्स. रशियाचे ईगोर सिसोएव्ह यांनीं तो २००४ सालीं लोकांच्या हातीं दिला. त्यांत याच कामासाठीं 'ॲड हेडर' अशी सूचना आहे. खूण नीट उमटते कीं नाहीं, तें 'कर्ल' या लहानशा प्रोग्रॅमला विचारावें. सांगितल्यास तो मजकूर सोडून मायना तेवढा वाचून दाखवितो. असले घरगुती हेडर 'एक्स' या अक्षरानें सुरू करण्याची जुनी चाल होती. २०१२ सालीं ती सोडून द्यावी असें नियम करणाऱ्यांनीं सुचविलें, तरी संवय अजून गेलेली नाहीं.

येथें दोन खांचखळगे आहेत, आणि ते माहीत नसले म्हणजे ऐन वेळीं दगा होतो. पहिला असा. वरील सूचना नुसती लिहिली तर खूण सुरळीत उत्तरावर उमटते. परंतु सर्व्हर स्वतःच अडखळून 'पान सांपडत नाहीं' किंवा 'आंत बिघाड झाला' असें उत्तर देतो, त्यावर ती उमटत नाहीं. म्हणजे सगळें ठीक असतां नांव सांगावयाचें आणि चूक झाली कीं तोंड लपवावयाचें! ज्या घडीला ओळखीची गरज, नेमकी त्याच घडीला ती गैरहजर. 'ऑल्वेज', म्हणजे 'नेहमीं', हा एक शब्द त्या सूचनेंत घातला कीं ही उणीव दूर होते. अपाचींत तो 'हेडर' या शब्दानंतर लिहितात, एन्जिनएक्समध्यें ओळीच्या शेवटीं.

दुसरा खळगा साठ्याचा. वाटेंत पुष्कळदां एखादा मध्यस्थ बसलेला असतो. एकदां आलेलें पान तो जपून ठेवतो आणि पुढच्या मागणाऱ्याला त्याचीच नक्कल देतो. नकलेबरोबर मूळ खूणहि तशीच येते. त्यामुळें खूण 'ख' दिसली म्हणजे या क्षणीं 'ख' बोलला असें नव्हे. तो केव्हां तरी बोलला होता एवढेंच खरें. यासाठीं मध्यस्थानेंहि आपली ओळख द्यावी अशी रीत आहे. तिचा हेडर 'व्हाया', म्हणजे 'मार्फत'. आणि नक्कल किती सेकंदांची शिळी आहे, हें 'एज' या हेडरांत येतें. 'मार्फत' हा शब्द आपल्या पत्त्यांवर पिढ्यान् पिढ्या लिहिला जात आहे, तेव्हां त्याचा अर्थ सांगावयास नकोच.

यावरून तारखेची आठवण होते. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे, ज्यांचा जन्म १८५८ चा आणि मृत्यु १९२४ चा, यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें 'ऐतिहासिक लेखसंग्रहां'त प्रसिद्ध केलीं. जुन्या पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, परंतु सन पुष्कळदां नसतो. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू सालाची आठवण करून देण्याचें कारण नव्हतें. शंभर वर्षांनंतरच्या संशोधकाला मात्र मजकुरांतील बारीकसारीक उल्लेख जुळवून सन ठरवावा लागतो. नांवाला तारखेची जोड नसली तर नांवहि फसवितें. वाळवें, तासगांव या तालुक्यांतला कागद पाहा. १९४९ पूर्वींच्या कागदावर 'जिल्हा सातारा', त्यानंतर 'दक्षिण सातारा', आणि १९६० पासून 'सांगली'. शेत तेंच, विहीर तीच, मायना तीनदां बदलला. सर्व्हरच्या हेडरांत तारीख व वेळ पूर्ण सनासह असते, ती याचसाठीं. ती ग्रिनिचच्या वेळेप्रमाणें असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपांच तास मागें. हें लक्षांत न ठेवल्यानें नवशिके भलताच घोटाळा करून बसतात.

आतां दुसरी बाजू. ओळख द्यावी हें खरें. पण किती द्यावी? अपाची सर्व्हर मूळच्या मांडणींत फार मोकळ्या मनाचा आहे. नांव, आवृत्तीचा पूर्ण आंकडा, खालील यंत्रणा कोणती, सोबतचे भाग कोणते, असें सर्व तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्यें असें उघडकीस आलें कीं, अपाचीच्या २.४.४९ या एकाच आवृत्तींत एक भोंक राहून गेलें आहे, आणि कांहीं मांडणींत परक्या माणसाला पानांच्या कोठाराबाहेरच्या फायलीहि त्यांतून वाचतां येतात. ज्या सर्व्हरांच्या मायन्यांत हा आंकडा स्पष्ट लिहिलेला होता, त्यांनीं चोराला दारच दाखविलें. 'सर्व्हर-टोकन्स' या सूचनेपुढें 'प्रॉड' असें लिहिलें कीं अपाची नुसतें नांव सांगतो, आंकडा सांगत नाहीं. एन्जिनएक्समध्यें 'सर्व्हर-टोकन्स ऑफ' असें लिहितात. गरजेपेक्षां बारीक तपशील सर्व्हरनें देऊं नये, असें जून २०२२ च्या एचटीटीपीच्या नियमांतहि सुचविलें आहे.

परंतु आंकडा झांकला म्हणजे भोंक बुजलें, असा समज करून घेणें घातक आहे. चोर आंकडा विचारीत बसत नाहीं; तो सरसकट सगळ्या दारांना धक्का देऊन पाहतो. त्या वेळीं खरा उपाय एकच होता, तो नवी आवृत्ति बसविण्याचा. तोहि पहिल्या झटक्यांत साधला नाहीं, २.४.५० अपुरी ठरली आणि कांहीं दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. अपाचीचे कर्ते आपल्या माहितीपत्रकांत स्पष्टच बजावतात कीं, हा हेडर झांकल्यानें सर्व्हर तिळमात्रहि सुरक्षित होत नाहीं, उलट बिघाड शोधणें अवघड होतें.

तेव्हां मेळ कसा घालावा? याचें उत्तर, मला वाटतें, ओळख कोणाला द्यावयाची या प्रश्नांत आहे. याच कृष्णाकांठीं १९४३ ते १९४६ या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचा कारभार चालला. कार्यकर्ते भूमिगत होते. पोलिसांपासून त्यांना नांव, ठिकाण, वाट, सर्व लपवावें लागे. परंतु गांवच्या तंट्याचा निवाडा झाला तर तो कोणाच्या अधिकारानें झाला, हें गांवाला माहीत असे. तें माहीत नसतें तर त्या निवाड्याला कोणीं मानलें असतें? शत्रूला ठावठिकाणा न देणें आणि आपल्या माणसाला जबाबदार असणें, या दोन गोष्टींचें वैर नाहीं. सर्व्हरच्या बाबतींतहि तेंच. यंत्राचें खरें नांव, आंतला पत्ता, आवृत्तीचा आंकडा, यांपैकीं कांहींहि मायन्यांत घालूं नये. क, ख, ग एवढीं अक्षरें पुरेत. बाहेरच्याला त्यांतून कांहीं कळत नाहीं. घरच्याला सर्व कळतें. 'क' म्हणजे कोण, याची वही कचेरींत कुलुपांत ठेवावी.

जातां जातां एक इशारा. मायना खरा असेल तरच उपयोगाचा. आपल्याकडे 'राजमान्य राजश्री' ही एके काळीं मानाची पदवी. पुढें ती ज्याला त्याला लावतां लावतां तिचें 'रा. रा.' झालें, आणि राजाशीं तिचा कांहीं संबंध उरला नाहीं. ब्राउझरांचेंहि असेंच झालें आहे. मागणी करतांना ब्राउझरहि आपली ओळख देतो, आणि आज बहुतेक प्रत्येक ब्राउझर आरंभीं 'मोझिला' हेंच नांव घेतो, मग तो कोणत्याहि घराण्याचा असो. एके काळीं त्या नांवाच्या ब्राउझरलाच चांगलीं पानें मिळत, म्हणून इतरांनीं तें उसनें घेतलें, आणि सर्वांनीं घेतल्यामुळें त्याचा अर्थ गेला. आपल्या सर्व्हरच्या खुणेचें असें होऊं देऊं नये. एका यंत्राची फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवून ठेवली आणि अक्षर बदलावयाचें राहिलें, तर 'ग' स्वतःला 'क' म्हणवूं लागतो. आणि खोटी ओळख ही ओळख नसण्यापेक्षां वाईट.

त्या संस्थेंत पुढच्या वर्षीं प्रवेशाच्या वेळीं पुन्हा एक तक्रार आली: कधीं पान उघडतें, कधीं उघडत नाहीं. या खेपेस त्या तरुणानें न उघडणाऱ्या उत्तराचा मायना मागविला. त्यांत 'ग' हें अक्षर होतें. 'ग'ला रांगेंतून बाजूस काढलें, दोघांवर काम चालू ठेवलें, आणि पाव तासांत तक्रार मिटली. कोणाच्या फोनाला दोष लागला नाहीं, कोणा वडिलांना उसनवारी अडून बसावी लागली नाहीं.

श्रोतेहो, पेशव्यांचा शिक्का असो, निवेदकाचें पहिलें वाक्य असो, कीं सर्व्हरनें लिहिलेली ती न दिसणारी ओळ असो, हिशेब एकच. मी कोणाच्या वतीनें बोलतों आणि बोलणारा मी कोण, हें सांगून मग बोलावें. विशेषतः चुकलों असतां सांगावें. आतां निवेदक आपल्याला पुन्हा केंद्राचें नांव सांगतील. तें आज जरा लक्ष देऊन ऐकावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.